दुसऱ्या खणातली डिस्क

दीड वर्षापूर्वी केळी संशोधन केंद्रातला जुना सर्व्हर एके सकाळी टीं-टीं करायला लागला, आणि त्याला गप्प कसं करायचं हे रेस्टी नाकासुज्जाने पाऊण तासात शोधून काढलं. तेव्हा तिला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं. शेजारच्या खोलीत चव घ्यायचा कार्यक्रम चालला होता. गावातल्या सोळा बायका पानांत वाफवलेला मातोके, म्हणजे हिरव्या केळ्यांचा लगदा, बोटांनी चेपून, जिभेवर घोळवून, गुण देत होत्या, आणि भिंतीपलीकडून हा आवाज. रेस्टीने सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन भोंगा बंद केला. उकाड्याने होत असेल, असं ठरवून तिने पंखा लावला आणि गुणांचे कागद गोळा करायला निघून गेली.

ती काही कॉम्प्युटरवाली नव्हती. प्रयोगशाळेतली सहायक. पण एकदा तिने प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला, आणि तेव्हापासून केंद्रातलं विजेवर चालणारं सगळं तिच्या गळ्यात पडलं. सर्व्हर परदेशी प्रकल्पाबरोबर आलेला. प्रकल्प संपला, पाहुणे गेले, सर्व्हर राहिला. त्याच्यात चार खणांत चार डिस्क होत्या आणि त्यांच्यावर देखरेख करणारं एक कार्ड. माहिती चौघींत अशी वाटलेली, की एक मेली तरी उरलेल्या तिघी तिचं काम निभावून नेतात. त्यामुळे वेगळी प्रत काढून ठेवावी असं कोणाच्या मनातच आलं नाही. एक गेली तर तिघी आहेतच की. दुसरी गेली तर काय, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

त्या सकाळी पहिली मेली होती. कार्ड तेवढंच ओरडून सांगत होतं. आता दुसऱ्या खणातलीही अडखळायला लागली, कार्डाने तिला बाहेर काढलं, आणि सर्व्हर उघडायचाच बंद झाला. भोंग्याची गोष्ट फक्त रेस्टीला ठाऊक होती. ती तिला रोज जेवताना आठवायची आणि घास फिरायचा.

सर्व्हरमध्ये दक्षिणेकडच्या शेताचा नकाशा होता. कोणत्या ओळीतलं कोणतं केळीचं झाड कोणाच्या पोटचं, कोणत्या पानावर करपा किती चढला, शिजल्यावर मऊ आणि पिवळंधमक होतं की साबणासारखं लागतं, सगळं त्यात. केळीच्या नव्या जाती घडवणाऱ्या डॉक्टर बुयोन्दोंची एकोणीस वर्षं. चौदाशे झाडांतून करप्याला न बधणारी आणि खायलाही चांगली अशी बारा निघाली होती. झाडांवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या होत्या, त्या भंगारवाल्यांनी एकेक करून नेल्या. आज त्यांची कुठेतरी पातेली झाली असतील आणि त्यांत कोणीतरी भात शिजवत असेल. कागदावरचा नकाशा वाळवीने खाल्ला. आणि दक्षिणेकडचं शेत वरच्या लोकांनी कॉफीच्या नव्या प्रकल्पाला देऊन टाकलं होतं. पुढच्या आठवड्याच्या सोमवारी ट्रॅक्टर. त्याआधी त्या बारा झाडांचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटलेली पिल्लं, काढून नव्या वाफ्यात लावायचे होते. पण बारा कोणती? पानं पाहिली तर शे-दीडशे झाडं निरोगी दिसत होती, आणि चव काही पानावर लिहिलेली नसते.

डॉक्टर बुयोन्दो या दिवसांत शेताकडे जातच नव्हते. ऑफिसात बसून खिडकीबाहेर पाहत. रेस्टी चहा घेऊन गेली की म्हणत, ठेव. तो चहा तसाच गार व्हायचा. एवढ्या बोलक्या माणसाचं हे गप्प बसणं तिला सहन होत नव्हतं.

उपाय तिला कळला होता. दुसऱ्या खणातली डिस्क मेली नव्हती, आजारी होती. तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या डिस्कवर उतरवायचं आणि ती जुळी बहीण त्या खणात सरकवायची. मग तिघी होतात आणि सर्व्हर उघडतो. अडचण कार्डाची होती. ते जुनं आणि भलतंच खोडीचं. त्याच्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत चालणाऱ्या डिस्कची यादी होती, अकरा नावं, आणि त्या अकरांतली एकही आता कारखान्यातून निघत नव्हती.

या आठवड्याच्या सोमवारी ती तीन तास टॅक्सीत बसून कंपालाला गेली. जुन्या टॅक्सी पार्कच्या मागे, एका अरुंद जिन्यावरच्या गाळ्यात हाजी सेकिटो जुने कॉम्प्युटर विकत. हाजींच्या तोंडून नाही हा शब्द निघत नसे. यादी पाहून ते म्हणाले, होईल. आतल्या खोलीत गेले आणि यादीतल्या सातव्या नावाची, चकचकीत लेबलाची डिस्क घेऊन आले. रेस्टीने लेबलावरचं एकेक अक्षर यादीशी ताडून पाहिलं. मंगळवारी केंद्रात लावली तर कॉम्प्युटरने तिचं खरं नाव सांगितलं. वेगळीच कुठलीतरी, वेगळ्या मापाची. कार्डाने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

बुधवारी पुन्हा तीन तास. या वेळी रेस्टी तापलेली होती.

"लेबल खोटं आहे, हाजी."

"लेबल खरं आहे, बाईसाहेब," हाजी शांतपणे म्हणाले. "डिस्कबद्दल मी काही बोललो नव्हतो."

रेस्टी स्टुलावर बसली. भांडायला आली होती, पण तोंड उघडलं आणि रडूच आलं. हाजींनी गाळ्यातल्या दोन गिऱ्हाइकांना बाहेर पिटाळलं, चहा मागवला, आणि नक्की काय झालंय ते विचारलं. केळीचं नाव निघताच ते सावरून बसले. त्यांच्या आईची बाग करप्याने गेली होती. खोटी डिस्क त्यांनी निमूटपणे परत घेतली आणि तिच्या बदल्यात एक कोरी करकरीत, दुप्पट मापाची दिली. हिला तुझं कार्ड घेणार नाही, तेही स्वतःच सांगितलं.

"मग मी काय करू हिचं?"

"ऐक तर. सातव्या नावाच्या डिस्क मी स्वतः विकल्यात. दोन हजार अकरा साली, चाळीस. कॉम्प्युटरसाठी नाही. दुकानातल्या कॅमेऱ्यांच्या डब्यांसाठी. त्यातली एक तुमच्या मसाकाला, न्येंडो भागात आहे, कासुज्जा हार्डवेअर. म्हातारा दर ख्रिसमसला मला फोन करतो, मशीन अजून चालतंय म्हणून. त्याला ही नवी दे, जुनी घे. त्याच्या डब्याला काहीही चालतं."

तीन तास जाऊन पुन्हा तीन तास येऊन शोधलेली वस्तू घरापासून पंधरा मिनिटांवर होती. रेस्टीला हसावं की रडावं कळेना. ती हसली.

गुरुवारी तिने जे केलं ते आठवलं की तिला पुढेही कित्येक दिवस लाज वाटत राहिली. घाई होती, हे खरं. ती ऑफिसची मोटारसायकल घेऊन गेली, सरकारी नंबरप्लेटची. गळ्यात ओळखपत्र, अंगात केंद्राचं जाकीट, हातात वही. कासुज्जा हार्डवेअरमध्ये पत्रे, खिळे आणि रंगाचे डबे यांच्या मधोमध सत्तरीचा मातिया कासुज्जा बसला होता. रेस्टीने उभ्याउभ्याच नमस्कार उरकला, मी ऑफिसातून आलेय म्हणाली, आणि विचारलं, तुमच्या कॅमेऱ्याचं मशीन कुठे आहे, त्यातली डिस्क पाहायचीय.

म्हाताऱ्याने नंबरप्लेट पाहिली, वही पाहिली. त्याला जे वाटायचं तेच वाटलं. कर खात्याची माणसं. रोज किती गिऱ्हाइकं येतात ते कॅमेऱ्यात मोजायला आली असणार.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"झाले बरेच दिवस."

त्याच्या डोक्यावर भिंतीला एक छोटा पडदा होता आणि त्यावर रेस्टीची पाठ स्पष्ट दिसत होती. म्हाताऱ्याने तिच्या नजरेमागोमाग वर पाहिलं. मग अतिशय अदबीने, उद्या या, असं म्हणाला आणि वर्तमानपत्र उघडलं. उद्या या म्हणजे काय, ते रेस्टी ओळखून होती. या गावात कोणी तोंडावर नकार देत नाही, पण त्या नकाराला सगळे ओळखतात.

परत येताना अर्ध्या रस्त्यात तिला आपली चूक कळली, आणि तिने गाडी बाजूला घेऊन कपाळावर हात मारला. शहरातल्या कॉलेजात शिकून, ऑफिसात इंग्रजीत फोन घेऊन घेऊन ती विसरली होती. तिने त्या माणसाला रात्र कशी गेली हे विचारलं नव्हतं. स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. दुकानावर एवढ्या मोठ्या अक्षरांत कासुज्जा लिहिलेलं, आणि ही नाकासुज्जा, त्याच कुळातली, त्याच्या दारात सरकारी माणूस म्हणून उभी राहिली होती. आई असती तर कानाला धरून परत नेलं असतं.

शुक्रवारी ती गोमेसी, म्हणजे सणासमारंभाचा पायघोळ झगा, नेसून, बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे एका बाजूला पाय सोडून बसून गेली. दुकानात शिरली आणि खिळ्यांच्या पेट्यांसमोर सिमेंटच्या जमिनीवर गुडघे टेकले. म्हातारा चपापला. पण समोरची बाई गुडघ्यावर असली की उत्तर द्यावंच लागतं. रात्र कशी गेली, चांगली गेली. घरचे कसे, आहेत. बाग कशी, म्हाताऱ्याने उसासा टाकला, आहे. तुझ्याकडचे कसे, आहेत. हे सगळं सावकाश, मधल्या हुंकारांसकट झालं. दोन गिऱ्हाइकं सिमेंटच्या गोण्यांवर बसून वाट पाहत होती, पण त्यांनीही घाई केली नाही.

"आणि तू कोणाची, पोरी?"

"मी नाकासुज्जा, आजोबा. न्गेये, काळ्यापांढऱ्या वानराच्या कुळातली. बाप लाझारो, त्याचा बाप येरेमिया, त्याचा बाप किरिग्वाज्जो, बुतांबालाचा."

"किरिग्वाज्जो? एका कानाने बहिरा तो?"

"तोच. बिबट्याने कान फाडला म्हणतात."

"बायकोने फाडला. बिबट्या नंतर आला, गोष्टीत." म्हातारा बोटांवर मोजायला लागला. एक हात संपला, दुसरा घेतला. किरिग्वाज्जो हा रेस्टीचा पणजोबा, पण म्हाताऱ्याचा खापरपणजोबा, कारण तो थोरल्या मुलाच्या वंशातला आणि थोरल्यांनी भराभर लग्नं केलेली. हिशेब लागला तसा मातिया कासुज्जा घाईघाईने उठला.

"ऊठ, ऊठ आधी. आजोबा कोणाला म्हणतेस? माझ्या बापाच्या पिढीतली तू. माझी आत्या. तुला जमिनीवर बसवलं म्हणून बाप कबरीतून येऊन मला काठीने मारेल."

चौतिशीतल्या आत्यासाठी सत्तरीच्या भाच्याने स्वतःची खुर्ची पुसली. गोण्यांवरच्या दोघांना एवढा आनंद झाला की ते काय घ्यायला आले होते ते विसरले.

खुर्चीत बसून रेस्टीने सगळं सांगितलं. नकाशा, सोमवारचा ट्रॅक्टर, बारा झाडं, कार्डाची अकरा नावं. म्हातारा ऐकत होता, पण मध्येच म्हणाला, तुमची सरकारी केळी म्हणजे ओला पुठ्ठा. तिने मान्य केलं की बरीचशी तशीच. ही बारा तशी नाहीत, म्हणाली. त्याने विचारलं, मग या पत्र्याच्या डब्यासाठी केंद्रातलं दुसरं कोणी का नाही फिरत, तूच का आठवडाभर वणवण करतेस?

आणि मग ते बाहेर पडलं. भोंग्याचं. कोणालाही न सांगितलेलं.

म्हाताऱ्याने विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"नाही."

"मग मला सांगून काय उपयोग? मी तुझा भाचा. भाच्याजवळ मन मोकळं करून चालत नाही, त्याला फक्त कामं सांगायची असतात." तो स्टुलावर चढला आणि पडद्यामागचा धुळीने माखलेला डबा खाली काढला. "घे. पण त्या बारातल्या एकीचा मुनवा मला हवा. माझी निम्मी बाग गेली. रोज सकाळी पानं बघायला जातो आणि परत येताना वाटतं, उगाच गेलो."

त्याने स्वतःच स्क्रू काढले. आतल्या डिस्कवर धुळीखाली सातवं नाव होतं, आणि हे लेबल कोणी चिकटवलेलं नव्हतं. तिच्या जागी हाजींची नवी बसली. पडदा पुन्हा उजळला तेव्हा त्यावर खुर्चीत बसलेली आत्या दिसत होती.

शनिवारी सकाळी सहाला रेस्टीने आजारी डिस्क आणि तिची जुळी शेजारीशेजारी एका कॉम्प्युटरला जोडल्या. वीज जाईल म्हणून ट्रकची बॅटरी लावून ठेवली. वीज दोनदा गेली. उतरवायचं काम सात तास चाललं. एकेका ठिकाणी आजारी डिस्क अडकायची, आतून करकर आवाज यायचा. मग पुढे सरकायची. शेवटी मोजकेच कोपरे वाचता आले नाहीत. ते नेमके नकाशाचे असतील की कुणाच्या वाढदिवसाच्या फोटोंचे, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

दुपारी एकला तिने डॉक्टर बुयोन्दोंना बोलावलं. ते दारात उभे राहिले, आत आले नाहीत. रेस्टीच्या हातात कासुज्जांची डिस्क होती, खण उघडा होता. आत्ता नाही सांगितलं तर पुढे कधीच सांगणार नाही, हे तिला समजलं. उघडलं तर सांगायची गरज उरणार नाही, आणि नाही उघडलं तर सांगायचं धाडस.

"डॉक्टर, दीड वर्षापूर्वी हा ओरडत होता. पहिली डिस्क गेली म्हणून. मी त्याचा आवाज बंद केला. काय झालंय ते बघितलं नाही."

डॉक्टरांनी चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला.

"चव घेण्याच्या दिवशी," ते म्हणाले. "मला ऐकू आला होता. मी उठलो होतो, विचारायला म्हणून. दारापर्यंत आलो आणि आवाज थांबला. मला बरं वाटलं, रेस्टी. परत जाऊन बसलो. एकोणीस वर्षं माझी, आणि मी विचारलं नाही." ते आत आले आणि तिच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. "लाव."

तिने डिस्क दुसऱ्या खणात सरकवली. सर्व्हर घरघरला. काळ्या पडद्यावर कार्डाने चार ओळी लिहिल्या. पहिली, नाही. दुसरी, आहे. तिसरी, आहे. चौथी, आहे. खाली एक प्रश्न, चालू करू का? बटण डॉक्टरांनीच दाबलं.

नकाशा सगळा होता. वाढदिवसाचे फोटो मात्र गेले, हिशेबनिसाच्या मुलीचे, आणि त्याबद्दल पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं. रेस्टीने आधी तीन प्रती काढल्या, एक डॉक्टरांच्या घरी, एक बँकेच्या लॉकरमध्ये, एक स्वतःच्या पर्समध्ये. मगच ती जेवली. आठवड्यात पहिल्यांदा शेंगदाण्याच्या रश्श्याला चव लागली.

रविवारी प्रार्थना आटोपून सगळे दक्षिणेकडच्या शेतात उतरले. डॉक्टर पुढे, हातात कागद, बुटांना चिखल. ओळी मोजत, झाडं मोजत, ते एकेका झाडापाशी थांबत आणि रेस्टी त्याला लाल चिंधी बांधत असे. बारापैकी दोन झाडं कुजून गेली होती. डॉक्टर तिथे जरा वेळ उभे राहिले. दहा उभी होती. नवव्या ओळीतलं एकतिसावं झाड सगळ्यात जोमदार होतं, आणि त्याच्या बुंध्याशी पाच मुनवे वर आलेले होते. डॉक्टरांनी खोडावर हात ठेवला आणि बोलायला लागले, ते थांबेचनात. आठवडाभराचं साठलेलं होतं.

तेवढ्यात मातिया कासुज्जा आला. भाड्याची पिकअप, डोक्यावर रविवारची टोपी. रेस्टीने स्वतः कुदळ घेऊन एकतिसाव्याचा एक मुनवा कंदासकट काढला, मुळं साफ केली आणि त्याच्या हातात दिला. त्याने तो उलटासुलटा करून पाहिला. दिसायला शेतातल्या इतर हजारांसारखाच.

"ही कोणाची?" त्याने विचारलं.

डॉक्टर बुयोन्दोंनी कागद खिशात घातला. "आई इथलीच, चौथ्या ओळीतली. आईची आई एन्झिराबाहिमा जातीची, म्बाराराकडची, तुमच्या आजीच्या परड्यात असेल. आईचा बाप रानटी, कलकत्त्याकडचा, करपा त्याच्या वाटेला जात नाही. हिचा स्वतःचा बाप समुद्रापलीकडचा. सहा वेळा शिजवली, सोळा बायकांनी खाल्ली, पंधरा जणींनी पुन्हा मागितली."

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग मान हलवली. "कूळ बापावरून धरतात. बाप परका म्हणजे ही परकी. माझ्या बागेत माझ्या पणजोबांच्या केळी आहेत, त्यांच्यात हिला कसं बसवू?" तो चेष्टा करत नव्हता. हे विचारायचं कोणाला, तेही त्याला ठाऊक होतं. तो रेस्टीकडे वळला. "आत्या, तू सांग. घ्यायची का हिला?"

कुळात कोणाला घ्यायचं याबद्दल आत्याचा शब्द चालतो, पण रेस्टीला आजवर कोणी काही विचारलं नव्हतं. कालपरवापर्यंत तर हा मुनवा कोणता हेसुद्धा तिला सांगता आलं नसतं. तिने झाडाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. ते तिच्याकडेच पाहत होते आणि हसत होते.

"नवव्या ओळीतली एकतिसावी," ती म्हणाली. "मी ओळखते हिला. आपली आहे. घे."

"आत्या म्हणते तर आपली," मातिया कासुज्जा म्हणाला. त्याने मुनवा पिकअपच्या पुढच्या सीटवर, ड्रायव्हरच्या शेजारी नीट बसवला, आणि स्वतः मागे चढून बसला.